रात्रीचा प्रवास, घाटातले धुके आणि हेडलाईट: बल्ब बदलावेत की आणखी काही करावे?

गिरणाकाठ, चाळीसगाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कामानिमित्त मला चाळीसगावहून भडगाव-पाचोरा मार्गे जळगावला वरचेवर जावे लागते आणि परतताना अंधार पडलेलाच असतो. शिवाय वडिलांच्या तपासणीसाठी कन्नड घाटाने छत्रपती संभाजीनगरला जाणे-येणे असते. गाडी जुनी आहे, दिवे हॅलोजनचे आहेत आणि त्यांच्या काचा आता पिवळट पडल्या आहेत.

माझी अडचण अशी की समोरून येणाऱ्या नव्या गाड्यांच्या पांढऱ्याशुभ्र प्रकाशाने डोळे दिपतात आणि ती गाडी निघून गेल्यानंतरही काही क्षण रस्त्याची कड दिसत नाही. पावसाळ्यात तर डांबर आणि अंधार यांतला फरकच कळेनासा होतो. घाटात धुके उतरले की अप्पर ठेवावा की डिपर, इंडिकेटरचे चारही दिवे लावून चालावे की नाही, याबद्दल ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने मला 6000 केल्व्हिनचे एलईडी बल्ब सुचवले आहेत. जुने काढून त्याच जागी ते बसतात आणि प्रकाश दुप्पट पडतो, असे त्याचे म्हणणे आहे. पैसे खर्च करण्यास हरकत नाही, परंतु त्याने प्रश्न खरोखर सुटेल का, हे जाणकारांनी सांगावे.

तांब्याची तार, भुसावळ

गिरणाकाठ दादा, मी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, त्यामुळे एलईडी बल्ब विकून माझाही फायदाच होईल; तरीसुद्धा सांगतो की तुमच्या गाडीत ते बसवू नका. हॅलोजनच्या एच-4 बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरलात तर ती स्पष्ट दिसेल. त्या वाटीमुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडत नाही, आणि तो तिथे पडला असता तर वर उसळून थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. संपूर्ण रिफ्लेक्टरची घडण त्या तारेची नेमकी जागा धरून केलेली असते. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी चपट्या पट्टीवर दोन्ही बाजूंना चिप असतात. त्या काही मिलिमीटर जरी इकडे-तिकडे झाल्या तरी झोताची कड फिसकटते. मग गाडीच्या नाकासमोरचा रस्ता लख्ख उजळतो, चालकाला वाटते की काम झाले, पण जवळचा भाग फार उजळल्याने बुबुळ आकसते आणि लांबचे पूर्वीपेक्षाही कमी दिसते. आज तुम्हाला ज्या गाड्यांचा त्रास होतो, त्यांपैकी कित्येक अशाच बल्ब बदललेल्या असतात. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेला दिवा ही निराळी वस्तू आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

100/90 वॅटचे हॅलोजन बल्बही बाजारात मिळतात, त्यांच्याही नादी लागू नका. मूळ वायर आणि स्विच प्रत्येक दिव्यामागे साधारण पाच अँपियरच्या हिशेबाने दिलेले असतात; त्यातून साडेसात-आठ अँपियर ओढले की होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. माझ्याकडे येणारे जळके होल्डर बहुतांशी याच कारणाने आलेले असतात.

तुमच्या गाडीत प्रकाश कमी पडण्याची खरी कारणे बहुधा तीन असावीत. पहिले म्हणजे व्होल्टेज. हॅलोजनचा स्वभाव असा की त्याला 10 टक्के व्होल्ट कमी मिळाले तर प्रकाश 10 टक्क्यांनी कमी होत नाही, तो जवळजवळ 30 टक्क्यांनी उतरतो. जुन्या गाडीत अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज धरलेला असतो, स्विचचे पॉइंट काळे पडलेले असतात, आणि या दोन्हींत मिळून एक-दीड व्होल्ट सहज गळतो. अर्थिंगचा स्क्रू काढून पत्रा घासून पुन्हा आवळणे आणि हेडलाईटसाठी रिले (दिव्याचा करंट मुख्य स्विचमधून न नेता स्वतःतून सोडणारा छोटा विद्युत स्विच) टाकून बॅटरीवरून सरळ जाड वायर देणे, एवढ्याने त्याच 55 वॅटच्या बल्बचा प्रकाश ओळखू येणार नाही इतका सुधारतो. दुसरे म्हणजे काच. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असते आणि आपल्याकडच्या उन्हात ती पिवळी पडणारच. बारीक वॉटर पेपरने घासून पॉलिश करता येते, मात्र त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर पुन्हा दिला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात जैसे थे. टूथपेस्टने घासण्याचा जो उपाय मोबाईलवर फिरतो, तो तितक्याच दिवसांचा.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे सेटिंग. सपाट जागी, टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाच्या जागेवर कोणाला तरी बसवून गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करावी. दिव्याचा मध्य जमिनीपासून जितका उंच असेल तितक्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या 10 ते 12 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ही कड सरळ नसते. डाव्या बाजूला ती थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि त्या बाजूचा माणूस, सायकल, खड्डा अधिक लांबून दिसावा अशी योजना असते. उजवीकडे ती चढत असेल तर काहीतरी चुकीचे बसवले आहे असे समजावे. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगशेजारी 0, 1, 2, 3 असे आकडे असलेले छोटे चाक असते. मागे माणसे बसली किंवा दादर ज्वारीची पोती टाकली की गाडीचे नाक वर होते आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो; अशा वेळी ते चाक पुढच्या आकड्यावर नेले की झोत खाली येतो. कित्येक मालकांना ते चाक कशासाठी आहे हेच माहीत नसते.

निवृत्त चालक, धुळे

मी राज्य परिवहनच्या सेवेतून निवृत्त झालो आहे. वरच्या भाऊंनी गाडीच्या बाजूचे जे सांगितले ते पटण्याजोगे आहे. मी चालवण्याच्या बाजूचे लिहितो.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 105 असे सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, आणि एरवीही जेव्हा पुरेसा उजेड नसेल तेव्हा, वाहनाचे दिवे असे लागलेले असावेत की पुढील 155 मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट ओळखू यावीत. पुढच्याच 106 क्रमांकाच्या नियमात दिव्यांचा झोत कायम खाली वळलेला असावा आणि 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा, अशी अट आहे. म्हणजे लांबचे दिसणे आणि समोरच्याला न दिपवणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने एकत्रच मागितल्या आहेत. अप्पर आणि डिपर हे दोन झोत त्यासाठीच दिलेले आहेत. «पुरेसा उजेड नसेल तेव्हा» या शब्दांत कातरवेळ येते, मे महिन्यातली वावटळ येते आणि श्रावणातली दुपारची झडही येते. अंधार पडण्याची वाट पाहत बिनदिव्याने चालणारे लोक मला नेहमीच अनाकलनीय वाटत आले आहेत. स्वतःला रस्ता दिसतो एवढ्यावर ते खूश असतात, आपण इतरांना दिसतो की नाही हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही.

आता वेगाचा हिशेब. चांगल्या डिपरमध्ये साधारण 50 ते 60 मीटरपर्यंतचे दिसते असे धरा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते; अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 20 मीटर लागतात. म्हणजे 45 मीटर, जेमतेम बसते. तोच रस्ता ओला असेल तर एकूण अंतर 60 मीटरवर जाते. ताशी 80 वर कोरड्यात सुमारे 70 आणि ओल्यात 95 मीटरच्या आसपास. याचा अर्थ असा की डिपरवर 80 ने जाणारा माणूस त्याला दिसणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे थांबणार आहे. मोकळ्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर समोर कोणी नसताना अप्पर लावलाच पाहिजे, तो या कारणाने. «सज्जन माणूस कायम डिपरवर चालतो» हाही एक गैरसमज आहे आणि तोही धोक्याचा आहे.

डिपर केव्हा द्यावा, तर समोरच्या गाडीचा उजेड जाणवू लागताच; ती अंगावर येईपर्यंत थांबू नये. वळणावर गाडी दिसण्याआधी झाडांवर आणि कठड्यावर तिचा उजेड फिरतो, तिथेच हात दांडीवर गेला पाहिजे. पुढच्या गाडीच्या मागे चालत असाल तर तिच्या आरशातून तुमचा अप्पर त्या चालकाच्या डोळ्यांत जातो, तेव्हा पाठीमागूनही डिपरच. गावात, चौकात, पथदिव्यांखाली अप्परचे काही काम नाही. दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल लावतात ती नुसत्या शोभेसाठी नव्हे, पलीकडचा झोत अडवण्यासाठी लावतात. पण जिथे झाडे वाळली आहेत तिथे चौपदरीवरही समोरच्याचा विचार करावा लागतो.

कोणी डिपर देतच नाही, तेव्हा रागाने आपलाही अप्पर त्याच्यावर मारणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे. दोघेही 80 ने येत असतील तर मधले अंतर सेकंदाला 44 मीटरने कमी होत असते आणि तेवढ्या वेळात एकाऐवजी दोन चालक आंधळे झालेले असतात. एकदा लुकलुकवून आठवण द्यावी. नाही ऐकले तर नजर त्याच्या दिव्यांवरून काढून रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर न्यावी, ॲक्सिलरेटर सोडावा, आणि एकदम ब्रेक मारू नये, कारण मागच्याचे डोळेही दिपलेलेच असतात. दोन्ही गाड्या एकमेकींच्या बरोबरीने आल्या की त्या क्षणी अप्पर परत लावावा. त्याच्या पाठीमागच्या अंधारात कोण चालले आहे हे तेव्हाच कळते.

घाटात खाली उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि कोंडाईबारीत रात्री तो पाळणारा विरळाच. आंधळ्या वळणाआधी अप्पर-डिपर देणे हा हॉर्नपेक्षा चांगला इशारा आहे. मात्र लुकलुकवण्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो हे लक्षात असू द्या: आपल्याकडे बहुतेक वेळा तो «मी येतोय, थांब» असा असतो, तर काही जण तो «तू ये» असा घेतात. ट्रकवाल्याने उजवा इंडिकेटर दिला तर तो ओव्हरटेकला वाट देत आहे, की खरोखर उजवीकडे वळत आहे, हेही रात्री ओळखता येत नाही. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसल्याखेरीज अशा इशाऱ्यावर विसंबून गाडी बाहेर काढू नये.

पिकअपवाला, शिरपूर

नाना, तुमचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर शहादा, शिरपूर, चोपडा या पट्ट्यात रात्री गाडी चालवून पाहावी, मग हा हिशेब कुठे बसतो ते कळेल. मी डिपर देतो, समोरचा देत नाही. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डाव्या अंगाला बिनदिव्याची उसाची ट्रॉली असते, कडेला मका वाळत घातलेला असतो, आणि मला त्यातले काहीच दिसत नाही. समोरच्याला दिपवले तर किमान मला माझी कड दिसते. ज्याला हे चुकीचे वाटते त्याने त्या ट्रॉलीच्या मागे एक रात्र गाडी चालवावी. मी म्हणतो, नियम सगळ्यांनी पाळला तरच त्याचा उपयोग आहे. एकट्याने पाळून नुकसानच होते.

निवृत्त चालक, धुळे

भाऊ, तुमची अडचण खरी आहे, तिला मी नाकारत नाही. परंतु समोरच्याचा प्रखर झोत डोळ्यांत येत असताना तुमचा अप्पर लागलेला असला तरी डाव्या कडेची काळी ट्रॉली तुम्हाला फारशी दिसत नाही. बुबुळ त्याच्या प्रकाशाने आकसलेले असते. आणि डोळे दिपलेला समोरचा ट्रक मधल्या पट्ट्याच्या अलीकडे सरकला, तर तुमच्याकडे उरते ती तीच डावी कड, जिथे ट्रॉली आहे. त्या अर्ध्या मिनिटात हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे वेग. चाळीसवर आलात तर ट्रॉली 20-25 मीटरवर दिसली तरी गाडी सावरता येते.

केळीचा मळा, रावेर

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत आम्हीच आरोपी आहोत आणि बऱ्याच अंशी तो आरोप खरा आहे.

सावदा-फैजपूरकडे केळीचे घड भरून निघालेल्या ट्रॉलीवर घडांना मार बसू नये म्हणून केळीचीच पाने अंथरतात. ती पाने फाळक्यावरून खाली लोंबतात आणि मागचे दिवे असले तरी झाकून टाकतात. उसाच्या ट्रॉलीचेही तेच. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, मागे चार हात बाहेर आलेली असतात आणि रिफ्लेक्टर त्यांच्या आत कुठेतरी दडलेला असतो. मागून येणाऱ्याला दिसते ते फक्त हिरवट-काळे काहीतरी, तेही अगदी जवळ आल्यावर. यावर उपाय महागडा नाही. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी ही वाहनांवर अपेक्षितच असते. ती ट्रॉलीच्या साटीवर चिकटवून न थांबता, माल भरल्यावर सर्वांत मागे जे टोक येते त्यावर बांधता येईल अशा फळीवरही लावावी. आमच्याकडे लाकडी फळीला लाल पट्टी ठोकून ती दोरीने मालाच्या मागच्या टोकाला बांधतात. ट्रॉली रिकामी झाली की फळी काढून ट्रॅक्टरवर ठेवतात. बैलगाडीला मागच्या आडव्या लाकडावर आणि चाकाच्या आऱ्यांवर पट्टी लावली तर चाक फिरताना ती लुकलुकते आणि फार लांबून ध्यानात येते. पट्टीला स्वतःचा प्रकाश नसतो, मागच्या गाडीचा प्रकाश ती परत देते, म्हणून तिच्यावरची माती ओल्या फडक्याने पुसली नाही तर ती असून नसल्यासारखीच.

आणखी एक वाईट सवय इथे मुद्दाम नोंदवतो. रात्रीच्या नांगरणीसाठी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला जो पांढरा दिवा असतो, तो शेतातून रस्त्यावर आल्यावरही बरेच चालक चालूच ठेवतात. मागून येणाऱ्याला मागे पांढरा झोत दिसला की समोरून वाहन येत आहे असेच वाटते. पुढे दोनपैकी एकच हेडलाईट चालू असलेला ट्रॅक्टर त्याहून घातक: डावा दिवा चालू आणि उजवा बंद असेल तर समोरच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो ज्या जागेतून जायचे ठरवतो त्या जागेत ट्रॅक्टरचे मोठे चाक असते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांना रोही (नीलगाय) आणि मोकाट म्हशी हाही प्रश्न आहेच. म्हशीचे अंग दिव्यातही काळेच राहते, चमकतात ते डोळे. दोन हिरवट ठिपके दिसले की डिपर द्यावा आणि वेग उतरवावा, कारण अप्परच्या झोतात जनावर जागीच थिजते.

काजळरेघ, नंदुरबार

मी नेत्रचिकित्सेच्या क्षेत्रात काम करते. गिरणाकाठ यांनी लिहिलेली «गाडी निघून गेल्यानंतरही काही क्षण कड दिसत नाही» ही तक्रार दिव्यांइतकीच डोळ्यांचीही असू शकते. अंधारात डोळ्याची पूर्ण तयारी व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने त्या तयारीचा काही भाग क्षणात वाया जातो. वय वाढते तसे बुबुळ कमी उघडते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. दिव्यांभोवती कडी दिसणे किंवा प्रकाशाच्या रेघा फुटणे हे मोतीबिंदूचे किंवा न सुधारलेल्या सिलिंड्रिकल नंबरचे लक्षण असू शकते, तेव्हा एकदा तपासणी करून घ्यावी. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून पिवळ्या काचांचे जे चष्मे विकतात, ते प्रकाश कमीच करतात. रात्री डोळ्यांना हवा असतो तो अधिक प्रकाश. चष्म्याचा नंबर असेल तर प्रतिबिंबरोधक थर असलेल्या साध्या पारदर्शक काचा पुरेशा आहेत. आणि विंडशील्ड आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ आणि श्वासाची ओल यांचा तेलकट थर आतल्या बाजूला बसतो, तो दिवसा कळत नाही, पण रात्री समोरचा दिवा त्यावर पसरतो.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सर्वांचे मनापासून आभार. एलईडीचा बेत रद्द केला. धुक्याबद्दल मात्र अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही. फॉग लॅम्प बसवावेत का, आणि ते पिवळेच हवेत का? मेहुण्याच्या नव्या गाडीत दिवे ऑटोवर असतात. तो म्हणतो की त्याला काही करावेच लागत नाही.

तांब्याची तार, भुसावळ

ऑटोवर विसंबण्याबद्दल आधी सांगतो, कारण धुक्यात सर्वांत मोठी फसगत तिथे होते. तो सेन्सर फक्त उजेड मोजतो, धुके मोजत नाही. सकाळी आठ वाजता घाटात दाट पांढरे धुके असते तेव्हा सेन्सरच्या दृष्टीने भरपूर उजेड असतो आणि तो हेडलाईट लावत नाही. पुढे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे, चमकत असतात म्हणून चालकाला वाटते की दिवे लागले आहेत, पण बऱ्याच गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागतच नाहीत. मागून येणाऱ्यासाठी ती गाडी अदृश्य असते. मेहुण्यांना सांगा की पाऊस, धुके, धूळ यांत स्विच हाताने फिरवावा. मोटारसायकलींना 1 एप्रिल 2017 पासून इंजिन चालू होताच लागणारा हेडलाईट सक्तीचा झाला, तेव्हा अनेकांनी बॅटरी उतरेल म्हणून नाके मुरडली होती. समोरून येणारी दुचाकी लवकर लक्षात येते, हा त्यामागचा उद्देश आहे.

धुक्यात अप्पर लावू नये. धुक्याचे थेंब हवेत तरंगत असतात आणि वर जाणारा झोत त्यांच्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर ठेवावा. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो त्याच्या जागेमुळे आणि घडणीमुळे: तो बंपरमध्ये खाली असतो, झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड काटेकोर कापलेली असते, म्हणून डोळ्याच्या आणि रस्त्याच्या मधले धुके तो कमी उजळवतो. रंगाचा भाग फार थोडा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत पिवळे हेडलाईट सक्तीचे होते, नंतर तेही पांढऱ्यावर आले. पिवळा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, तेवढ्यासाठी कोणी लावला तर हरकत नाही, परंतु पांढऱ्या दिव्यावर पिवळी फिल्म चिकटवलीत तर आहे तो प्रकाशही घटतो. फॉग लॅम्प बसवायचेच असतील तर बंपरमधल्या ठरलेल्या जागीच बसवा; कॅरिअरवर किंवा बोनेटच्या उंचीवर बसवलेला दिवा नावाला फॉग लॅम्प राहतो. आणि हवा स्वच्छ झाली की बंद करा.

मागचा लाल फॉग लॅम्प बऱ्याच गाड्यांत एकाच बाजूला असतो. तो साध्या टेल लॅम्पच्या तुलनेत फारच तेजस्वी असतो, दाट धुक्यात तो लावावा, पण साध्या पावसात लावला तर मागच्याला तुमचा ब्रेक लागलेला ओळखू येत नाही.

निवृत्त चालक, धुळे

चारही इंडिकेटर लावून धुक्यातून चालण्याबद्दल: ते उभ्या, अडकलेल्या वाहनासाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले की वळण्याचा इशारा देण्याची सोयच उरत नाही आणि मागच्याला तुम्ही उभे आहात की चालत आहात हे कळत नाही. गाडी खरोखरच बंद पडली तर ती डांबराच्या पूर्ण बाहेर घ्यावी, तेव्हा ते दिवे लावावेत आणि लाल त्रिकोण मागे निदान 50 मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. हेडलाईट चालू ठेवून उजव्या कडेला गाडी उभी करण्याचा प्रकार ढाब्यांसमोर सर्रास दिसतो. येणाऱ्याला रस्ता त्या दिव्यांच्या डावीकडे आहे असा भास होतो.

धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून चिकटून चालणे सोयीचे वाटते. तोरणमाळच्या घाटात मी अशा रांगा पाहिल्या आहेत. पुढच्याने ब्रेक मारला की रांगेतल्या प्रत्येकाकडे आधीच्यापेक्षा कमी वेळ उरतो. कन्नड घाटात फार दाट असेल तर पायथ्याशी थांबून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, दवाखान्याची वेळ पुढे ढकलता येते.

पावसाबद्दल गिरणाकाठ यांनी जे लिहिले, की डांबर आणि अंधार एकच होतात, त्याचे कारण असे की कोरडे डांबर खडबडीत असल्याने तुमचा प्रकाश थोडाफार तुमच्याकडे परत धाडते, तर पाण्याचा थर बसलेले डांबर आरशासारखे वागते आणि तो प्रकाश पुढे सरकवून देते. समोरच्याचा प्रकाश मात्र त्याच आरशावरून तुमच्याकडे येतो. पट्ट्यांच्या रंगातले काचेचे बारीक मणी पाण्याखाली गेले की पांढरे पट्टेही विझतात. तिथे कितीही वॅटचा बल्ब लावा, उपयोग होत नाही. वायपरचे रबर नवे टाका आणि पन्नासच्या आत चला.

पिकअपवाला, शिरपूर

नाना, चाळीसच्या वेगाने चाललो तर अडतीचा पहिला लिलाव चुकतो, हेही तितकेच खरे आहे. तरी माझ्या गाडीत मागे माल असतो आणि ते 0-1-2-3 चे चाक मी आजवर कधी फिरवले नव्हते. आज माल भरून 3 वर ठेवून पाहिले, समोरच्यांचे अप्पर मारणे कमी झाले. माझ्या डिपरलाच ते अप्पर समजत होते असे दिसते.

गिरणाकाठ, चाळीसगाव

मी रविवारी आधी अर्थिंग आणि सेटिंग करून घेतो. व्होल्ट मोजायला सांगताना काही विशेष सांगावे लागते का?

तांब्याची तार, भुसावळ

हो. इंजिन चालू ठेवून, डिपर लावलेला असताना, बल्बच्या होल्डरवरच मोजायला सांगा, आणि लगेच बॅटरीच्या टोकांवरही मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खर्च करू नका, नुसती काच पॉलिश करा. बल्ब काढून मोकळ्या होल्डरवर मोजले तर करंट वाहतच नाही आणि आकडा नेहमी चांगलाच येतो. काही कारागीर घाईत तसे मोजतात, तेवढे पाहा. नवा बल्ब घालताना त्याच्या काचेला बोट लागू देऊ नका, कागदात धरून घाला. बोटाचे तेल लागले तर ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.